डबीचं झबलं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठातली दोन-तीन अंगं बाकी ठेवतो, भेटीत पुरी करीन.)

विनंती विशेष. तुझा गुडघा काय म्हणतो, भाऊजींचा रक्तदाब कुठवर उतरला आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली की अजून 'बंद आहे'चा कागद लावलेलाच आहे, ते सविस्तर कळव. इकडे सगळे खुशाल. खाली माझं दुकान चालू आहे, तुझी भावजय शाळेच्या ऑफिसात हेडमास्तरांसकट सगळ्यांना धाकात ठेवून आहे आणि अण्णांची तब्येत सुधारते आहे. तू म्हणशील, एवढ्यासाठी फोन होता की. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस हे एक, आणि जे सांगायचंय ते तोंडाने सांगताना माझी जीभ अडखळते हे दुसरं. म्हणून एका गिऱ्हाइकाची पँट अर्धी कापून तशीच बाजूला सारली आणि कापायच्या टेबलावरच लिहायला बसलो आहे. कागदावर खडूची पूड दिसली तर झटकून वाच.

विषय आहे तुझ्या चिरंजीवांनी पाठवलेल्या डबीचा. तुला आठवत असेल, गेल्या महिन्यात मी तुला फोन करून म्हणालो होतो की अण्णांना तू तुझ्याकडे घेऊन जा, माझ्याच्याने आता होत नाही. एकतीस तारखेला गाडी येणार हेही ठरलं. (त्याबद्दल खाली लिहितो. आधी खाली जाऊन बघू नकोस, तुझी ती जुनी खोड मला ठाऊक आहे.) त्या दिवशी शाळेचे गणवेश द्यायचे होते आणि मी सकाळपासून अकरा वेळा जिना चढलो होतो. एकदा पंखा लावायला, एकदा कमी करायला, एकदा टीव्ही लावायला, एकदा तो त्यांना ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायला, आणि बाकीचे सात वेळा त्यांनी हाक मारली असं वाटलं म्हणून. आजारपणापासून त्यांच्या उजव्या हाताची बोटं धड वळत नाहीत, आणि आपल्या रिमोटची बटणं अशी की तरण्याताठ्या माणसाने दोन्ही अंगठे रोवावेत तेव्हा कुठे चॅनेल हलतो.

पण खरं सांगू, जिन्याचं मला एवढं काही नव्हतं. छत्तीस वर्षं शाळेच्या मैदानावर कवायत घेतलेला हा माणूस. त्यांनी 'सावधान' म्हटलं की मुलं तर मुलं, फाटकाबाहेरचा टपालवालासुद्धा टाचा जुळवायचा. ते आपले अण्णा गेले चार महिने भिंतीकडे बघत, हळू आवाजात, 'तसदी देतो रे, जरा पंखा' म्हणत होते. अण्णांच्या तोंडी तसदी! तो शब्द ऐकला की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग मी पंख्यावर चिडायचो, आणि त्यांना वाटायचं त्यांच्यावरच चिडलो, की ते आणखी हळू बोलायचे.

तुझ्या लेकाचं म्हणणं होतं की हे सगळं जुनं सामान काढून टाका आणि बोललेलं कळणारं नवं घ्या. अण्णांनी मान हलवली. चालती वस्तू टाकायची नाही, हा त्यांचा नियम, आणि मला वाटतं त्या दिवसांत त्यांना तो नियम स्वतःसाठीही हवा होता. मग त्याने ही डबी धाडली. घरचं झालं थोडं आणि भाच्याने धाडलं घोडं, असं मी तेव्हा म्हणालो. ते शब्द मी मागे घेतो, त्याला कळवू नकोस.

डबी म्हणजे काळी, गोल, शर्टाच्या कफाएवढी. तिच्यासमोर जुना रिमोट धरायचा, एकेक बटण दाबायचं, की रिमोटमधून निघणारा तो डोळ्यांना न दिसणारा उजेड ती पाठ करून ठेवते आणि पुढे तसाच आपण पाठवते. सोबत एक बोलका स्पीकर. त्याला तोंडाने सांगायचं, तो डबीला सांगतो, डबी टीव्हीला सांगते. (थोडक्यात, आपल्या घरात लहानपणी अण्णांकडे सुट्टी मागायची असली की जी पद्धत होती तीच. मी तुला, तू आईला, आई अण्णांना.) मला काजं करायला शिकताना उस्तादांच्या हाताखाली दीड वर्ष गेलं, आणि ही बया टीव्ही, एसी आणि उभ्या पंख्याचे तिन्ही रिमोट जेवायच्या आत शिकून मोकळी झाली. तुझ्या लेकाने फोनवरून दाखवलं तसं सगळं जोडलं, टीव्ही लागला, बंद झाला, आम्ही टाळ्या वाजवल्या. जुने रिमोट एका पिशवीत घालून कपाटात ठेवले. (पिशवी मीच शिवली. त्यातला टीव्हीचा रिमोट पुढे कुठे गेला कोण जाणे. नाहीतरी आता त्याचं काम काय.)

आणि दुसऱ्या दिवसापासून डबी मेली. दिवा लागतो, स्पीकर म्हणतो 'टीव्ही लावला', आणि टीव्ही आपला काळाठिक्कर. चार दिवस आमच्या नाकी नऊ आले. तुझ्या लेकाने मला वायफाय बंद करून चालू करायला लावलं, मग डबी, मग फोन, मग पुन्हा वायफाय. तिसऱ्या दिवशी त्याने मला इतक्या गोड आवाजात 'मामा, प्लग नक्की लावलाय ना' असं विचारलं की मी फोन तुझ्या भावजयीकडे दिला. अण्णा पलंगावरून म्हणाले, जाऊ दे रे, तसदी नको. ते ऐकून मी खाली आलो आणि एका निरपराध ब्लाउजची बाही उलटी जोडली.

आता दोष कुणाचा ते सांगतो, पण हसणार नसशील तर. उघडी वस्तू मला बघवत नाही हे तू जाणतेस. मिक्सरला, इस्त्रीला, पाण्याच्या फिल्टरला, सगळ्यांना मी शिवलेली कव्हरं आहेत. तुझी भावजय म्हणते, मी तासभर हलले नाही तर मलाही शिवशील. तेव्हा घरात एवढी नवी, नाजूक वस्तू आल्यावर मी गप्प कसा बसेन? पहिल्याच संध्याकाळी कोटाचं निळं कापड उरलं होतं त्याचं तिला छान अंगाबरोबर झबलं शिवलं. आत अस्तर, खाली झालर, दिव्यापुरतं एक काज. चार दिवस ती बिचारी आतल्या आत टीव्हीला सांगत होती आणि माझं अस्तर ऐकत होतं. काखेत कळसा म्हणतात तो मी हाताने शिवून तिच्या डोक्यावर घातला होता. पाचव्या दिवशी तुझ्या भावजयीने झालरीवर चहाचा डाग बघून झबलं धुवायला म्हणून उचललं, तेवढ्यात अण्णा सवयीने 'टीव्ही' असं पुटपुटले, आणि बातम्या सुरू झाल्या. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मापात चूक नाही हो तुमची." तेव्हापासून ती रोज एकदा हे वाक्य म्हणते.

एवढ्याने भागलं असतं तर पत्र एका पानात आटोपलं असतं. पण अण्णांची बोलण्याची रीत तुला ठाऊक आहे. स्पीकरसुद्धा आपल्याला मदत करतो म्हटल्यावर ते त्याच्याशी अदबीने वागायला लागले. 'अहो, आपल्याला सवड असेल तेव्हा जरा पंखा' असं म्हणायचे. स्पीकर म्हणायचा, समजलं नाही. अण्णा आणखी हळू, आणखी आर्जवाने. तो पुन्हा, समजलं नाही. असं सहा-सात वेळा झालं. मी खाली एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होतो, आणि एकदम वरून तो आवाज आला, जो मी चार महिने ऐकला नव्हता, किंबहुना चार वर्षं. "सावधान! ऐकू येत नाही का?" गिऱ्हाईक माझ्या टेपसकट ताठ झालं. मी जिना एका दमात चढून गेलो, तर अण्णा पलंगावर बसलेले, मान वर, आणि चेहऱ्यावर लाली. मला बघून ओशाळले नाहीत. म्हणाले, "शिस्त लावावी लागेल याला."

मग शिस्त लावली. तुझ्या लेकाने त्याच दिवशी शब्द बदलून दिले. 'सावधान' म्हटलं की टीव्ही लागतो, 'विश्राम' म्हटलं की बंद. 'जलद चल' म्हणजे पंखा जोरात, 'मंद चल' म्हणजे हळू, 'थांब' म्हणजे थांब. ताई, तू हे ऐकायला हवंस. सकाळी सातला आमच्या घरात कवायत सुरू होते. मी मशीनवर असतो, वरून 'जलद चल' येतं आणि माझा पाय आपोआप मशीनच्या पायडलवर जोरात पडतो. अण्णा पोटभर जेवतात, आवाजाला दम लागतो म्हणून. तसदी हा शब्द गेले तीन आठवडे घरात आलेला नाही. मला इतका आनंद झाला आहे की फुकटात दोन गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करून दिल्या.

यात एक भानगड झाली. समोरच्या दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आपल्याच उंचीवर आहे, आणि गल्ली इतकी अरुंद की कुणाची दाढ निघाली ते आपल्या खिडकीतून दिसतं. त्यांचा टीव्ही आणि आपला टीव्ही एकाच दुकानातून, एकाच सवलतीत, एकाच दिवशी घेतलेला. डबीचा उजेड खिडकीतून पलीकडेही पोचे, आणि लावायचं-बंद करायचं बटण एकच, त्यामुळे अण्णा सावधान म्हणत, की आपला टीव्ही लागे आणि समोर पेशंटांचा बंद पडे. डॉक्टरांनी दोनदा मेकॅनिक बोलावला. तिसऱ्या वेळी खुर्चीत एक पन्नाशीचे बस कंडक्टर तोंड उघडं टाकून पडले होते. खिडकीतून सावधान ऐकताच ते तोंडातल्या कापसासकट खुर्चीतून उठले, टाचा जुळवल्या आणि हात मांड्यांना चिकटवून उभे राहिले. अण्णांचे विद्यार्थी, सातवी ब. डॉक्टर चिडून येणार म्हणून मी दारात माफीचे शब्द जुळवत होतो, तर आधी ते कंडक्टरच सुजक्या गालाने जिना चढून आले, अण्णांच्या पाया पडले, आणि दोघं तासभर बोलत बसले. एकाला अर्धंच बोलता येत होतं आणि दुसऱ्याला अर्धंच ऐकू येत होतं, त्यामुळे छान जमलं.

डॉक्टरांची समजूत मी माझ्या विद्येने घातली. कापडातून तो उजेड जात नाही हे ज्ञान मला चार दिवस मोजून मिळालं होतंच. तेच झबलं बाहेर काढलं, अण्णांच्या आणि टीव्हीच्या बाजूने कापून मोकळं केलं, खिडकीकडची बाजू अस्तरासकट बंद ठेवली, आणि डबीच्या डोक्यावर टोपरं घातल्यासारखं बसवलं. तेव्हापासून समोरचा टीव्ही सुखात आहे. तुझी भावजय म्हणाली, बघा, मापात चूक नाही. या वेळी ती हसत नव्हती.

असो. फार लांबलं. भाऊजींना नमस्कार, लेकाला आशीर्वाद. गुडघ्याला जप, लिफ्ट सुरू होईपर्यंत दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे जाण्याचा मोह आवर.

तुझा,
धाकटा

ता. क. डबीत एक बिघाड आहे, तेवढा लेकाला विचार. दुपारी आम्ही दोघं कामात असताना टीव्ही आपोआप लागतो, चॅनेल बदलतो, आणि वरून कुणी काही बोललेलं नसतं. मग स्पीकरचा घोळ होतो, कारण टीव्ही लागलेला आहे की नाही हे डबीला कळत नाही. तिला फक्त सांगता येतं, समोरच्याचं ऐकता येत नाही. (इथे मला तुझी आठवण झाली. रागावू नकोस.)

ता. क. दुसरा. आता खालचं. एकतीस तारखेची गाडी रद्द करशील का? मी त्या दिवशी जे बोललो ते दमलेल्या माणसाचं बोलणं होतं. जिना माझ्याच्याने होत नव्हता, अण्णा होतात. हे तुला फोनवर सांगायला गेलो असतो तर मला रडू आलं असतं आणि तू मधेच बोलली असतीस. तुझाही त्यांच्यावर तेवढाच हक्क आहे हे मला समजतं, पण ते इथे राहू देत. घरात डिंक सापडत नाही, म्हणून पाकीट उघडंच अण्णांच्या उशाशी ठेवतो. तुझी भावजय उद्या शाळेत जाताना टाकेल.

चि. मुलीस आशीर्वाद. डिंक माझ्या खणात होता. वरचं सगळं वाचलं. हे मी स्वतः, उजव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाकडं आहे पण माझं आहे. डबीत बिघाड नाही. दहा दिवसांपासून बोटं वळतात. टीव्हीचा रिमोट माझ्या उशीखाली आहे, दुपारी मीच दाबतो. सरावाशिवाय काही येत नाही. हे धाकट्याला सांगू नकोस. मी वरून 'सावधान' म्हटलं की खाली त्याचं मशीन थांबतं आणि तो एकटाच हसतो, ते मला इथे ऐकू येतं. कान एवढे काही गेलेले नाहीत. बटणाने टीव्ही लावला तर तो हसणार नाही. तेव्हा अजून काही दिवस मी ओरडणार आहे. गाडी रद्द कर, आणि गुडघा बरा झाला की तूच ये. विश्राम.