खालून टोकलेला शब्द

रे रोड, मुंबई
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

प्रिय सिम्हा,

शालोम, आणि नव्या सालाचे आशीर्वाद. तिकडे इस्राएलात, अशदोदला तुला सगळे 'सिमखा' म्हणतात, असं नदाव सांगत होता. म्हणोत. मी सिम्हाच लिहिणार.

तुझा लेक खुशाल आहे. रोश हशानाला, नव्या सालाच्या सणाला, मी केलेला चिकाचा हलवा दोन ताटल्या खाल्ला, आणि वर म्हणाला, "आईचा जास्त छान." तेव्हाच मला कळायला हवं होतं, या पोराशी आपलं जमणं कठीण आहे.

फोनच केला असता, पण फोनवर मी विषय बदलतो. म्हणून लिहितोय. या कागदाचा फोटो काढून पाठवेन. पोस्टावर विसंबलो तर कागद किप्पूरच्या उपासानंतर पोहोचेल, मग काय उपयोग?

काल शब्बाथला अध्यक्ष रूबेन चेऊलकरांनी सिनेगॉगमध्ये जाहीर केलं, "आज सेफेर तोरा नदाव वाचेल. एलाझर, तू बस रे, एकतीस वर्षं उभा आहेस." विचारलं नाही, सांगितलं. मी बसलो.

काय आवाज आहे गं त्याचा! खोटं का लिहू, माझा नुसता जळफळाट झाला. त्याचा 'र' घशात गुरगुरतो, आपला 'ह' त्याच्याकडे 'ख' होतो, आपला शब्बाथ त्याचा 'शबात'. तरी लोक माना डोलवत होते. मी वाचतो तेव्हा चेऊलकर पेंगतात. काल टक्क जागे होते.

मोशे म्हातारा होऊन यहोशुआच्या हाती कारभार सोपवतो, तो भाग होता. 'खंबीर हो' असं सांगतो त्याला. नदावने तिथे 'खझाक' म्हटलं आणि मी जागेवरून ओरडलो, "हझाक!"

चुकीचा शब्द गेला तर खालून टोकायचं आणि वाचणाऱ्याने मागे येऊन पुन्हा वाचायचं, ही आपली रीत. पण ही चूक नव्हती. बाबा सांगायचे, शब्द चुकला तरच टोका, उच्चार ज्याच्या त्याच्या गावचा. बगदादी पाहुणे घशाच्या तळातून वाचायचे, युरोपातला तो म्हातारा 'शाबेस' म्हणायचा. बाबांनी कधी कुणाला थांबवलं नाही. मी थांबवलं, आणि चांगलं समजून उमजून थांबवलं.

नदावने माझ्याकडे पाहिलं. मग मागे आला आणि ती ओळ, तिच्यापुढचं सगळंच, आपल्या पद्धतीने वाचलं. आपला ह, आपला र. बाबांची चाल, ओळीचा शेवट किंचित लांबवायची त्यांची सवयसुद्धा. चेऊलकर रडले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हे कुठं शिकलास?"

"आई शिकवला. किचनमध्ये. मामा, मी चूक केला होता?"

"चल, उशीर होतोय," मी म्हटलं.

माझी एक समजूत होती, सिम्हा. तिकडे शाळा आहेत, शिक्षक आहेत, गळे आहेत. बाबांचा उच्चार मात्र फक्त माझ्याकडे. तोही तुझ्याकडे निघाला, आणि माझ्याहून चोख.

का नाही निघणार? रविवारी सकाळी बाबा मला शिकवायचे आणि तू शेजारी तांदूळ निवडत असायचीस. मी अडलो की मान वर न करता पुढचा शब्द सांगायचीस. मग बाबांनी तुलाही पुस्तक आणून दिलं, आणि आठवड्याभरात ते बंद झालं. तुला आजवर वाटतं, ते आईने बंद केलं. आईने नाही. मी बाबांना सांगितलं होतं, ही बसणार असेल तर मी शिकणार नाही. अकरा वर्षांचा होतो, पण अक्कल आजच्याएवढीच.

किप्पूरच्या आधी माणसाची माफी माणसाकडेच मागावी लागते. नदावकडे आज सकाळी चहा पिताना मागितली. "ओके मामा," म्हणाला आणि बिस्कीट बुडवलं. इतकं सोपं असतं हे ठाऊक असतं, तर तुझ्याकडे पंचावन्न वर्षांपूर्वीच मागितली असती.

बुधवारी संध्याकाळी किप्पूर लागेल, तेव्हा माझ्या जागी तो उभा राहील. मीच चेऊलकरांना सांगितलं. माझं जळणं संपलं असं समजू नकोस. खाली बसून एकेक शब्द ऐकणार आहे. पण टोकणार नाही.

बुधवारच्या आत उत्तर दे. 'नाही' म्हणायचं असेल तरी दे.

तुझं पुस्तक बंद करणारा,
एलाझरदादा