हळदीत घोळलेला तुकडा

हिंगोली, ता. १२ जानेवारी १९३८

चि. आशास रुख्मिणीआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईच्या छातीत गाठ आहे. मला दाखवली नाही हो, न्हाणीत माझी मीच पाहिली! एका घरात राहून ही बाई पोळ्यापासून ती लपवून होती, आणि आता गुपचूप तापल्या सळईचा डाग घ्यायच्या बेतात होती. मी हात धरून टांग्यात बसवली नि डॉक्टरांकडे नेली. त्यांनी गाठीचा लहानसा तुकडा काढून बाटलीत दिला आहे. कर्करोग निघाला तर हैदराबादेस नेऊन सबंध स्तन काढावा लागेल म्हणाले. वहिनी म्हणतात, तसं असंल तर मी हितंच मरीन, तिकडं येणार न्हाई. सकाळी वहिनींनीच बाटली बांधून दिली, ती पार्सलने पाठवली आहे. तुमच्या प्रयोगशाळेत तूच पाहा. पाहताना ती तुझी आई आहे हे विसर. मग हवी तेवढी रड.

तुझी खमकी आत्या
रुख्मिणी

हैदराबाद, ता. २० जानेवारी

तीर्थरूप आत्यास आशाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

बाटली पोचली. आत औषधी पाण्याचा थेंब नाही, तुकडा हळदीत घोळलेला आणि वाटेत सडलेला! हे आईचंच काम. आमचे साहेब आधी संतापले, मग विचारू लागले की हिंगोलीची माणसं चहातही हळद घालतात का. मी हसले, पण घरी येऊन जेवण गेलं नाही.

आईला समजाव, की दुसरा तुकडा हवाच. नुसती गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. निरोगी पेशी बहुतेक एका मापाच्या असतात, प्रत्येकीत एक लहानसं केंद्र, आणि गरजेपुरत्याच वाढून त्या आपल्या हद्दीत राहतात. कर्करोगाच्या पेशी लहानमोठ्या, वेड्यावाकड्या. केंद्र मोठं नि काळपट. एकीच्या दोन होण्याची सारखी घाई. हद्द मोडून त्या शेजारी घुसतात, रक्तातून दूर जाऊन तिथंही वस्ती करतात. सडलेल्या तुकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

आपली काळजीत पडलेली
आशा

हिंगोली, ता. ४ फेब्रुवारी

चि. आशास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हो, हळद तिनेच घातली. मी विचारलं तर उलट मलाच म्हणते, त्या पाण्याला मेल्या उंदरावानी वास येत व्हता, आन् कापल्या जागी हळद लावत न्हाईत व्हय? मी म्हटलं, जागेला लावतात गं बाई, कापलेल्याला नव्हे! त्यावर म्हणाली, ते बी माझंच हाय की.

दुसरा तुकडा द्यायला तयारच होईना. मी काय बकरू हाय का, रोज तुकडा काढाया, म्हणून रुसली. मग मी तुझं पत्र माझ्या पद्धतीने समजावलं. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर मुलींना रांगेत उभ्या करत. ज्या सारख्या उंचीच्या, गप्प उभ्या राहत, त्या निरोगी पेशी. जी रांग मोडून कुंपणापलीकडच्या पेरूच्या बागेत घुसे, ती दुसरी. वहिनींनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, म्हंजे नणंदबाई, तुमच्यावानी. एवढं हसल्या, की टांग्यात आपणहून चढल्या.

या वेळी बाटली मी उशाशी घेऊन झोपले. नासेरमियां हैदराबादेस निघाले आहेत, त्यांच्या हाती पाठवते. ते हळदीचे व्यापारी, म्हणून झाकण उघडणार नाही अशी शपथच घातली. बिचारे म्हणाले, आपा, यात काय आहे तेवढं तरी सांगा. मी म्हटलं, घरातलं माणूस आहे, बराबर सांभाळा.

लवकर कळव. इथं आम्ही दोघी एकमेकींना धीर देतो आणि दोघींचाही खोटा आहे.

तुझी
आत्या

हैदराबाद, ता. २७ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्यास शि. सा. नमस्कार. वि. वि.

तारेने कळवलंच होतं, कर्करोग नाही! पेशी सारख्या, केंद्रं लहान, हद्द कुठंही मोडलेली नाही. मी पाहिलं, साहेबांनीही पाहिलं.

आई नासेरमियांच्या घरच्या खुर्शीदबींसोबत सुखरूप पोचली. डॉक्टरांनी गाठ काढली, जखम भरते आहे. मरीन पण येणार न्हाई म्हणणारी बाई, आपल्या पेशी बघायच्या म्हणून आपणहून आली! सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून किती वेळ उभी होती. हे समदं मीच व्हय, असं दोनदा विचारलं. मग फरक पाहायचा म्हणून दुसरी काच मागितली. मी एका कर्करोगाची दाखवली. पाहता पाहता तिचं हसू गेलं. ही कोण, तिचं कुणी हाय का, विचारू लागली. ती बाई इथंच वॉर्डात आहे, गाव लांब, माणसं आलेली नाहीत. तेव्हापासून आई तिथंच बसते. तिची वेणी घालते, पेज भरवते. परत निघायचं नावच काढत नाही.

आपली
आशा

हिंगोली, ता. ५ मार्च

चि. आशास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तार वाचून मी पेढे वाटले होते, आणि आता तुझं पत्र वाचून संतापले. वहिनींच्या शेळ्या इथं माझी तुळस खाऊन राहिल्या आहेत, आणि बाईसाहेब तिकडं परक्यांच्या वेण्या घालतात! असो. त्या बाईला गरज आहे तोवर तिथंच राहा म्हणावं. मेथीचे लाडू पाठवते, मऊ केले आहेत, तिलाही चावता येतील. पण तुझं शिक्षण कुठल्या शाळेत झालं गं? पत्रभर तिची काच, तिचा वॉर्ड, तिची वेणी. तिचं नाव मात्र कुठंही नाही. ते आधी कळव. पुढच्या पत्रात तिला नमस्कार लिहायचा आहे.

तुम्हा तिघींचीही
रुख्मिणीआत्या