अकरा सेकंद गप्प

ती. अक्काच्या सेवेशी धाकट्या भावाचा नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. पेन सापडत नव्हतं. (सापडलं.) तुझे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत ठणठणीत आहे. पुन्हा लिहितो, ठणठणीत आहे.

घोर लागलाय तो आपल्या नर्सबाईंचा, म्हणजे माझ्या लेकीचा. वीस वर्षं वॉर्डात काढून आता ती डॉक्टर होतेय; औषध देणारी नव्हे, पीएच.डी.वाली. विषय काय, तर म्हातारी माणसं घरात कशी पडतात. तिच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, आधी घरच्या म्हाताऱ्यावर मुलाखतीचा सराव कर. झालं! लेक समोर बसली ती परक्यासारखी. मान हलवायची नाही, हसायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही, असं शिकवतात म्हणे. (एरवी चहात चमचाभर साखर जास्त घेतली तरी घर डोक्यावर घेते.) सही घेऊन म्हणाली, "मुलाखत तुम्ही केव्हाही थांबवू शकता." तेव्हाच थांबवायला हवी होती. पाचवा प्रश्न, "गेल्या वर्षभरात घरात कधी पडलात?" मी म्हणालो, "छे!" पण लगेच म्हणालो नाही. तिनं रेकॉर्ड केलेलं सगळं कागदावर उतरवलं, माझ्या खोकल्यासकट. नाव नाही, नुसतं 'उत्तरदाता एक'. आणि माझ्या 'छे!'च्या आधी कंसात लिहिलंय, 'शांतता, अकरा सेकंद'. शेजारी बाईंच्या पेन्सिलीनं, 'इथे पुन्हा विचारा.' लेक कागद इथेच विसरून गेली म्हणून मला कळलं. रविवारी पुन्हा येतेय.

अक्का, तुलाच सांगतो, न्हाणीघरात एकदा घसरलो होतो. तुझ्या भावजयीच्या आजारपणात पोरीनं हेच शिक्षण अर्ध्यावर सोडलं होतं. आता माझ्यापायी सोडलं, तर पोरीला तोंड कसं दाखवू?

तुझा भाऊ
(कागदोपत्री उत्तरदाता एक)

ता. क. : दुसरी मुलाखत तुझी आहे. पाचव्या प्रश्नाला निदान पंधरा सेकंद गप्प बस, म्हणजे आपल्या घराण्यालाच विचार करून बोलायची सवय आहे असं वाटेल. (तुला अवघड जाईल, जाणतो. मनात आकडे मोज.)

ता. क. २ : तुझी जादाची काठी पाठव. खुंटी रिकामी दिसते.

ता. क. ३ : अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हातानं लिहितोय. ते कागद कपाटावर लपवायला स्टुलावर चढलो होतो. उजवं मनगट सुजलंय, ते नर्सच्या नजरेतून कसं सुटणार? त्यापेक्षा तूच तिला सांगून टाक. पण आधी 'शिकणं सोडणार नाही' असं वदवून घे. गप्प बसली, तर सेकंद मोज आणि रविवारच्या आत मला कळव.