माझ्या बाजूची बाई

१२ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी पाठदुखी कमी आहे हे वाचून बरं वाटलं. आता शहाणपणानं वाग आणि घड्याळांच्या दुकानातली कपाटं एकट्यानं सरकवू नकोस.

माझी बातमी अशी, की घरमालकिणीनं जागा सोडायला सांगितलं आहे. कारण नेहमीचंच: शिलाई मशीन. नाटक कंपनीसाठी सैनिकांचे डगले शिवायला घेतले होते. कापड जाड, त्यामुळे मशीन जरा गुरगुरत होतं. त्या वर आल्या आणि दारातच म्हणाल्या, की बाई, तुम्ही चांगल्या आहात हो, पण तुमचं मशीन माझ्या डोक्यात टाके घालतं. मला हसू आलं आणि रडूही. किती बिऱ्हाडं बदलली मी! प्रत्येक ठिकाणी मशीनखाली सतरंजीची घडी, लोकांच्या झोपेच्या वेळा तोंडपाठ. सेहेचाळिसाव्या वर्षी स्वतःचा धंदा चोरासारखा करते आहे.

म्हणून ठरवलं. आता भाड्याचं नको, घर विकतच घेणार. बँकेनं कर्जाला होकार दिला आहे. पण आधी एजंट शोधायचा आहे, आणि तो विकणाऱ्याचा नको, माझा हवा. दाराला हात लावण्याआधी मला विचारणारा, की बाई, तुम्हाला नक्की काय हवंय?

वहिनींना नमस्कार. लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझी,
ठकू


२० जानेवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. घर म्हणजे का परकर आहे, सैल झालं तर नाडी ओढायला? पण तू ठरवलंस म्हणजे ठरवलंस. लहानपणापासून तुझी मान फक्त एकाच बाजूला हलते.

तेव्हा एवढं तरी ऐक. एजंट शोधत दारोदार फिरू नकोस. तुझ्या वहिनीचा भाऊ तुझ्याच गावात हा व्यवसाय करतो. घरचा माणूस आहे. परका एजंट गोड बोलून गळ्यात काहीही बांधेल आणि एकट्या बाईला तर हमखासच. मी मेहुण्याला कळवून टाकलं आहे. तो म्हणाला, ताईंचं काम म्हणजे माझंच काम, चार दिवसांत किल्ल्या हातात देतो.

बयाणा देण्यापूर्वी मला कळव. तब्येतीला जप.

तुझा,
दादा


१५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा मान राखून मेहुणेबुवांकडे आधी गेले. माणूस मोठा हौशी. एका सकाळीत इतकी घरं दाखवली, की कुठल्या घरातलं न्हाणीघर आणि कुठल्या घरातली खिडकी, हे संध्याकाळी आठवेना. प्रत्येक दारात म्हणायचे, ताई, हे गेलं तर रडत बसाल. मी विचारलं, यात खोट काय आहे? तर म्हणाले, खोट बघणाऱ्याला घर मिळत नसतं. मग विचारलं, की तुम्ही माझ्या बाजूचे की विकणाऱ्याच्या? ते मनापासून हसले. म्हणाले, मी दोन्हीकडचा, म्हणजे भांडणच नाही! दादा, त्यांच्या मनात कपट नाही. पण दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्याच्या खांद्यावर मी बसायचं कसं?

दुसरा एजंट मोठ्या काचेच्या ऑफिसातला. मी तोंड उघडायच्या आत त्यानं माझ्या आवडीनिवडी मलाच सांगितल्या.

तिसरी एक बाई भेटली. साठीला टेकलेली, चपला झिजलेल्या, प्रत्येक वाक्यात एकदा तरी ‘सावकाश’. मी तिचं नाव सावकाशबाई ठेवलं आहे. पहिल्या भेटीत तिनं एकही घर दाखवलं नाही. माझ्या खोलीवर आली, मशीन चालवायला लावलं आणि थरथर किती होते ते बघायला जमिनीवर हात टेकून बसून राहिली. मग म्हणाली, मी फक्त तुमचं काम करीन, विकणाऱ्याशी माझा संबंध नाही, आणि घर वाईट असेल तर तसं तोंडावर सांगीन. चालेल का?

लगेच प्रसंग आलाच. तिसऱ्या मजल्यावरचं एक घर मला इतकं आवडलं, की मनातल्या मनात पडदेसुद्धा शिवून झाले. तीन बाजूंनी उजेड! बाई म्हणाली, सावकाश. दोन हमाल लावून माझं मशीन त्या रिकाम्या घरात चढवलं, मला डगला शिवायला बसवलं आणि स्वतः खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे चहा प्यायला गेली. वर आली ती मान हलवतच. कपबशी वाजतेय, म्हणाली. आजोबा आज हसले, महिन्याभरानं हसणार नाहीत. हे घर घेऊ नका.

मी चिडले, रुसले. पण घरी आल्यावर लक्षात आलं, की मी हो म्हटलं असतं तर तिला तिची दलाली मिळाली असती. ती तिनं स्वतःच्या तोंडानं घालवली. दादा, मी तिला नेमलं आहे.

रागावशील, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
ठकू


२६ फेब्रुवारी

प्रिय वन्संना,
सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र मी लिहिते आहे, कारण ‘इकडून’ लिहिणं सध्या बंद आहे. तुमचं पत्र आल्यापासून घरात घड्याळांच्या टिकटिकीबरोबर एकच तक्रार चालू आहे. एका कपबशीपायी उजेडाचं घर सोडलं, आणि आता मेहुण्याला तोंड कसं दाखवू, असं दोन वेळा जेवताना म्हणून झालं आहे.

तर वन्सं, माझ्या भावाची गोष्ट ऐका. माझ्या आईला त्यानं एक कपाट घेऊन दिलं होतं. इतकं भव्य, की ते दारातून आत गेलंच नाही. अजून व्हरांड्यात आहे आणि आई रोज साडी नेसायला व्हरांड्यातून कपडे आणते. भाऊ माझा सोन्यासारखा आहे. आजारपणात रात्र रात्र उशाशी बसेल. पण त्याच्या हातून मी साधं स्टूलही विकत घेणार नाही. नातं जेवणाच्या पंगतीला, व्यवहार व्यवहाराच्या जागी. हे मी इकडे बोलले. त्यावर भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली, म्हणजे अर्धा राग गेला.

तुम्ही मागं हटू नका. आजवर आम्ही सगळ्यांनी तुम्हाला फक्त जपून राहा एवढंच सांगितलं. मी सांगते, घर घ्या.

माझी आठवण ठेवत जा.

तुमची,
वहिनी


९ एप्रिल

ती. दादास आणि सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

मिळालं! घर मिळालं! आधी हे लिहिते, मग बाकीचं. नाहीतर वहिनी वाचता वाचता शेवटचं पान आधी उघडतील.

एका म्हाताऱ्या फोटोग्राफरचं घर आहे. तळमजला, रस्त्याकडे स्टुडिओची लांब खोली, फरशी दगडी. मशीन तिथंही नेलं. बाई भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याकडे जाऊन बसली. तो ट्रम्पेट शिकवतो! त्यानंच काकुळतीनं विचारलं, की येणाऱ्या बाईंना माझ्या वाजवण्याचा त्रास नाही ना होणार? दादा, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला आवाजाची परवानगी मागितली.

पण आणखी एक गिऱ्हाईक उभं राहिलं, माझ्यापेक्षा जास्त किंमत देणारं. आणि त्याचे एजंट कोण? आपले मेहुणेबुवा! माझं धाबं दणाणलं. मी बाईला म्हटलं, आपणही किंमत वाढवू, हवं तर दागिने मोडते. ती म्हणाली, नाही. ज्या घरात शिरल्यावर दोरा घ्यायला पैसे उरणार नाहीत, ते घर मी तुम्हाला घेऊ देणार नाही. मी तिला नको नको ते बोलले. मला वाटलं, हीसुद्धा उलटली. तिनं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाली, किंमत सोडून त्या माणसाला आणखी काय हवंय, ते कुणी विचारलंय का?

मेहुणेबुवा त्या म्हाताऱ्या फोटोग्राफरना रोज फोन करून लवकर घर रिकामं करा म्हणत होते. बाई जाऊन नुसती बसली आणि विचारलं, हे घर सोडताना तुम्हाला कसली काळजी वाटते? तेव्हा म्हातारबाबा बोलू लागले. मुलीच्या घराशेजारी त्यांची खोली बांधून व्हायची होती. तोवर जायचं कुठं, आणि फोटोंमागे लावायचे आयुष्यभराचे रंगवलेले पडदे ठेवायचे कुठं? बाईनं तिथल्या तिथं तोड काढली: पुढची लांब खोली मला आत्ताच वापरायला द्यायची, मागच्या खोल्यांत त्यांनी मे अखेरपर्यंत निवांत राहायचं आणि पडदे नाटकवालीपेक्षा जास्त प्रेमानं कोण सांभाळणार? करारात ओळ घातली, की इथं माझ्या शिवणकामाला त्यांची हरकत नाही. त्यांनी सही केली, माझ्याच किमतीला!

बाहेर आल्यावर मी बाईची माफी मागितली. ती म्हणाली, चिडणारं गिऱ्हाईक बरं, त्याला घर खरंच हवं असतं. आणि मग रस्त्यातच आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो.

आता तरी लिही रे. तुझ्या अक्षराची वाट बघते आहे.

तुझी,
ठकू


१८ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. एकाचं घड्याळ त्या नादात उलटं जोडलं. मी चुकलो, असं लिहायला तुझ्या वहिनीनं सांगितलं आहे. तिनं सांगितलं नसतं तरी लिहिलं असतं. मेहुण्याचा फोन आला होता. मला वाटलं चिडला असेल, तर म्हणाला, ताईंची ती एजंट कोण? मला तिच्या हाताखाली काम शिकायचंय!

जूनमध्ये आम्ही दोघं येतो. असाच जीव लावत राहा.

तुझा,
दादा


१ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल म्हातारबाबा त्यांच्या लेकीकडे गेले. सामान गाडीत चढल्यावर त्यांनी कॅमेरा मात्र हातात ठेवला आणि मला दारात उभं केलं. म्हणाले, या दारातला शेवटचा फोटो माझा. सावकाशबाई रस्त्यापलीकडून माझी ओढणी नीट करायच्या खुणा करत होती. ट्रम्पेटवाला खिडकीत. मला हात कुठं ठेवावेत कळेना. इतक्यात ते म्हणाले, घरमालकीणबाई, जरा डावीकडे.

मी आधी मागं वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. मग लक्षात आलं, आणि हसू फुटलं ते थांबेचना.

फोटो सोबत पाठवते आहे. डोळे मिटलेत आणि तोंड वासलंय. ते दुसरा काढू म्हणत होते. मी काढू दिला नाही.

लवकर या.

तुझी,
ठकू