अंबरीषच्या कार्डाची राखण

७ ऑक्टोबर, सोमवार. त्सुकुबा.
आजपासून रोजनिशी. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे डेटा सुरक्षित.
ऑफिसात नव्या लोकांना कार्ड-सुरक्षेचं ट्रेनिंग दिलं. ग्राहकाच्या कार्डाची माहिती कामापुरतीच बघायची, नुसत्या उत्सुकतेपोटी बघणं हीसुद्धा चोरीच. नव्यांपैकी निशिमुरा-साननी तीनदा मान हलवली. भारावले असावेत.
घरी येऊन अंबरीषच्या कार्डाचे मेसेज पाहिले. चिरंजीव ओसाकाला, युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला. फॅमिली कार्ड माझ्या नावावर, म्हणून त्यानं काही घेतलं की माझा फोन वाजतो. ही उत्सुकता नव्हे. मॉनिटरिंग. हल्ली फ्रॉड फार वाढलेत.

१० ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळ.
कोंबिनी, कोपऱ्यावरचं चोवीस तास दुकान, ३२० येन. म्हणजे दोन ओनिगिरी, भाताचे गोळे. म्हणजे जेवणाची आबाळ चाललीय. फोन करणार होतो, पण ओनिगिरी खाल्लीस का विचारलं की मी मेसेज बघतो हे त्याला कळणार. नाही केला. गोपनीयता पाळली.
बायकोला, नयनाला केला. ती तिच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली, त्याला आठ महिने झाले. म्हणाली, अहो, त्यालाच विचारा की, माझ्याशी रोज बोलतो तो. मी म्हटलं, माझ्याकडची माहिती जास्त अचूक आहे.

१६ ऑक्टोबर, बुधवार.
कॉफी, ९६० येन. या दुकानात त्याचे नेहमी ४८० होतात. दोन कॉफ्या! एक्सेल शीट केली. 'संशय' असा वेगळा कॉलम. त्यात लिहिलं, सोबत कोणीतरी आहे. पिवळा रंग दिला. संध्याकाळभर बरं वाटत होतं. त्यासाठी कॉलम नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार.
तीन दिवस एकही मेसेज नाही. आजारी? ॲप काढून पुन्हा टाकलं. कार्ड कंपनीला फोन केला, त्यांची सिस्टिम व्यवस्थित चालू आहे म्हणे. सात वाजता ११० येन, व्हेंडिंग मशीन. आहे, चालता-फिरता आहे. मग जेवलो.
ठराव: मेसेज दिवसातून तीनदाच बघायचे. उद्यापासून.

२ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७.४०.
अलर्ट! ७.३१ वाजता अकिहाबारा स्टेशनातल्या दुकानात २,१६० येन. पोरगा ओसाकात आणि कार्ड टोकियोत! नंबर चोरीला गेला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चार सेकंदांत कार्ड बंद केलं. अठरा वर्षांचा अनुभव कामी आला.

सकाळी ८.३०.
अंबरीषच्या नंबरवरून फोन. बाबा, कार्ड चालत नाहीये. म्हणे मी रात्रीच्या बसनं आलोय, अकिहाबाराला आहे, तीन दिवस सुट्टी आहे, तुमच्याकडेच येतोय. आवाज हुबेहूब. पण आवाजाची नक्कल आता कोणीही करतं. मी शांतपणे ओळख पटवायला घेतली. आईचं माहेरचं आडनाव? सांगितलं. पहिली शाळा? सांगितली. मग विचारलं, त्या बुधवारी ९६० येनची कॉफी कोणाबरोबर घेतलीस?
 मग म्हणाला, बाबा, तुम्ही सगळं बघता?
मी म्हटलं, संरक्षण.
म्हणाला, ओके, आता मी विचारतो. मी काय शिकतो? मी म्हटलं, मेकॅनिकल. म्हणाला, एप्रिलमध्येच बदललं, सांगायला फोन केला होता, तुम्ही मीटिंगमध्ये होतात. माझ्या रूममेटचं नाव?
मी म्हटलं, दर मंगळवारी तू करी खातोस, ७५० येनची.
जपानीत काहीतरी पुटपुटला आणि फोन ठेवला. कार्ड ताबडतोब सुरू केलं. येईल. अकिहाबाराहून पाऊण तास.

दुपारी १.
घर झाडलं. प्लॅस्टिकचा कचरा वेगळा केला. वरणभात, बटाट्याची भाजी, दोघांची. ट्रेन लेट असेल.

दुपारी ३.१०.
नयनाचा मेसेज. तो परतीच्या बसमध्ये बसलाय. ओसाकाहून तुमच्यासाठी काही आणायचं राहिलं, म्हणून अकिहाबाराला मिठाईचा डबा घेतला होता, तेच ते २,१६०. अहो, काय केलंत हे?
दोघांची भाजी एकट्यानं संपवली. अन्न वाया घालवू नये.

९ नोव्हेंबर, शनिवार.
रजिस्टर्ड पोस्टानं कार्ड परत आलं. चिपमधून आडवं कापलेलं, अगदी मी ट्रेनिंगमध्ये दाखवतो तसं. अभिमान वाटला. चिठ्ठी नाही. नयना म्हणाली, त्याला बाइतो, पार्टटाइम काम मिळालंय, संध्याकाळी एका हॉटेलात भांडी घासतो, कार्डही स्वतःचं घेतलंय. म्हटलं, उत्तम, माझं काम कमी झालं.
आठवडाभर फोन वाजलेला नाही. शांतता बरी वाटते.
नाही वाटत. घर खायला उठतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी १०.
ओसाकाला जातोय! आजच. सॉरी म्हणायचं, बाकी काही नाही. एकही प्रश्न विचारायचा नाही. शर्ट इस्त्री केला. शिनकान्सेनचं, बुलेट ट्रेनचं तिकीट ऑनलाइन काढलं.

१०.२०.
तिकीट अडकलं. कार्ड कंपनीचा मेसेज. हा व्यवहार आपल्या नेहमीच्या वापराशी जुळत नाही, आपण स्वतः केलात का? खाली दोन बटणं, होय आणि नाही.
सिस्टिम चोख आहे. तीन वर्षांत मी त्सुकुबाबाहेर या कार्डावर एक येनही खर्च केलेला नाही. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही अडवलं असतं.
बोट 'होय'वर होतं. मग मनात आलं, त्यानं दारातच विचारलं, मी काय शिकतो, तर? नयनाला विचारायचं राहूनच गेलं. रूममेटचंही.

१०.४०.
'नाही' दाबलं.
कार्ड रद्द झालं. कंपनीनं सतर्कतेबद्दल आभार मानले. नवं कार्ड यायला दहा दिवस लागतील. तोवर माझा नाइलाज आहे.