तुझ्या तारखेची निवृत्ती

मस्तगड, जालना
बुधवार, ६ मे २०२६

आक्कास, धाकट्या बेबीचा नमस्कार.

शनिवारी संध्याकाळी तू फोनवर विचारलंस, “बेबे, माझं नाव कधी शाळेत टाकल्तं का गं?” मी म्हणाले, “न्हाई.” ते खोटं होतं. म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे.

फोनवर सांगता आलं असतं, पण तू फोन मोठ्या आवाजात ठेवतेस आणि शेजारी प्रीती बसलेली असते. नातीच्या देखत ऐकायची ही गोष्ट नाही. आता तुला वाचता येतं, तर तूच वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. रोज दोन पानं वाच. जोडाक्षर अडलं तर सोडून पुढे जा, अर्थ लागतो. प्रीतीला वाचायला देऊ नकोस. आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मला फोन करू नकोस.

आधी खुशाली. आम्ही दोघं बरे आहोत. बद्रीनाथरावांची शुगर आटोक्यात आहे, असं ते म्हणतात. स्वानंदचा पुण्याहून आठवड्याला एक फोन येतो, “आई, आता आराम कर.” आराम कसा करायचा असं विचारलं की त्याची मीटिंग असते.

कागदावर माझा शेवटचा दिवस ३१ मे आहे, पण शाळेला सुट्टी लागली म्हणून गाढे सरांना चार्ज तीस एप्रिललाच दिला. निरोपाचा कार्यक्रम होऊन तू बसमध्ये बसलीस, त्यानंतरची गोष्ट. किल्ल्या एकवीस, कपाटं सहा, नकाशे चौदा, त्यातले दोन फाटके. सर म्हणाले, “मॅडम, मोजून कशाला? विश्वास हाय आपला.” मी म्हणाले, “मोजा.” अंधार पडेपर्यंत मोजलं.

शुक्रवारी झेंडावंदन होतं, तो दिवस निघून गेला. शनिवारी नेहमीसारखी पाचला उठले. सहापर्यंत भाकरी झाल्या, डबा भरला, साडीला पिन लावली आणि मग दारात उभी राहिले. सव्वीस वर्षं सात-दहाची अंबडची बस पकडली आहे. पायांना दुसरं काही माहीत नाही.

आमचे हे म्हणाले, “डबा कुणाचा?”

“तुमचा.”

“मी तर घरीच हाय.”

“मग घरीच खा.”

त्यांनी खरंच बारा वाजता सोफ्यावर बसून डब्यातून जेवण केलं. वर विचारलं, “घंटा कोण देणार?”

रविवारी नवव्या दिवशी नळ आला. टाकी, पिंप, घागरी, दोन तास बरे गेले. मग स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. साखर, रवा, धने. हे म्हणाले, “तीस वर्षांपासून साखरेला ओळखतो मी. आता काय नव्यानं ओळख करून देऊन राह्यली का?” दुपारी त्या सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. कशाला लावल्या आणि कशाला काढल्या, मला सांगता येणार नाही. सध्या माझं असंच चाललं आहे. एखाद्या खोलीत जाते आणि कशाला आले ते आठवत नाही. मी अशी नव्हते, तुला माहीत आहे.

भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, “मॅडम, अठ्ठावन्नच्या वाटत नाहीत.” वाटणार कशी. मी छप्पन्नची आहे. कागद मला दोन वर्षं आधी घरी बसवतो आहे.

आपल्याकडे अर्धा तालुका एक जूनला जन्मलेला आहे, हे काही नवीन नाही. गुरुजी दारात उभे राहायचे आणि पोराची उंची बघून साल ठरवायचे. पण माझ्या कागदावरची एक जून १९६८ ही तारीख माझी उंची बघून लिहिलेली नाही, आक्का. ती तुझी उंची बघून लिहिली होती.

आता मुद्द्यावर येते. इतका वेळ टाळलं, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

निरोपाच्या कार्यक्रमाला तू धावड्याहून दोन बस बदलून आलीस. पहिल्या रांगेत बसलीस आणि स्टेजमागच्या कापडावरची अक्षरं बोट हलवत वाचायला लागलीस. “र, ज, नी. रजनी. अगं, ही तर मीच की.” आजूबाजूचे सगळे हसले. त्यांना काय माहीत? लग्नात सासरच्यांनी तुझं नाव नंदा ठेवलं आणि धावड्यात चाळीस वर्षं तू नंदाबाईच आहेस. तूही हसलीस. गाढे सरांना म्हणालीस, “लहानपणी माझंच नाव होतं हे. मला शाळेचं काय काम, म्हणून आमच्या आबानं हिला देऊन टाकलं.”

आजवर तुला असंच वाटत आलं आहे. मीच तसं वाटू दिलं.

झालं ते असं. १९७४ च्या जूनमध्ये गुरुजी पोरींची नावं गोळा करत घरोघर फिरले. पटावर पोरी कमी होत्या. आपल्या दारात तू उभी होतीस. आबांनी रजनी नाव सांगितलं, गुरुजींनी लिहून घेतलं. त्याच आठवड्यात वसंता झाला आणि आई बाजेवरून उठेना. तान्ह्याला तू घेऊन बसलीस. तुझं नाव शाळेत लागलं आहे, हे तुला कुणी सांगितलंच नाही.

महिनाभरानं गुरुजी परत आले. तपासणीला साहेब येणार होते. “तातेराव, पोरगी धाडा, न्हाईतर नाव काटावं लागल.” आबांनी मला पुढे केलं. “सध्या हिला न्या. मोठी मोकळी झाली की बदलून घ्या.” जशी काय बैलजोडीच. मी चार वर्षांची होते आणि माझं नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं, सगळे बेबी म्हणायचे. रजनी म्हटलं की हात वर करायचा, एवढं मला शिकवलं. हे सगळं आबांनीच मला मी बी.ए.ला असताना सांगितलं, गमतीची गोष्ट म्हणून.

यापुढचं आबांनाही माहीत नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये वसंता चालायला लागला होता. तू पाटी धुऊन ठेवली होतीस आणि रोज मला विचारायचीस, “गुरुजी माझं काही बोलले का?” एका दुपारी गुरुजींनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, “उद्यापासून आक्काला धाड. नाव तिचं हाय. तू अजून एक वर्ष घरी खेळ, मंग तुझं टाकू.”

मी घरी आले. तू मोरीपाशी राखेनं भांडी घासत होतीस. विचारलंस. मी म्हणाले, “गुरुजी म्हणाले, तुझं नाव न्हाई. मोठ्या पोरी घेत न्हाईत.”

तू पातेलं विसळून पालथं घातलंस.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं, तेव्हा त्यांना सांगितलं, “आक्का येत न्हाई म्हणती.” त्यांनी आबांना कधी विचारलं असेल, नसेल. आबा म्हणायचे, एक जाते ना शाळेत, झालं.

पाच वर्षांच्या पोरीला काय कळतं, असं तू म्हणशील. मला कळत होतं. नेमकं काय कळत होतं, तिथेच मी अडकते. शाळा आवडली होती म्हणून बोलले, की घरी बसले तर ती भांडी माझ्याकडे येतील म्हणून? की नाव परत द्यावं लागेल म्हणून? मला दुसरं नाव नव्हतं. मागचं पान बघ, तिथे एक कारण लिहून खोडलं आहे, त्याखाली दुसरं लिहून तेही खोडलं आहे. कोणतंच खरं वाटत नाही आणि कोणतंच पूर्ण खोटं नाही.

पाच वर्षांचं सोड. माझं बी.ए. झालं म्हणून तू धावड्यात घरोघर पेढे दिलेस, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. का नाही सांगितलं? वर्गात सव्वीस वर्षं पोरांना खोटं बोललं म्हणून बाकावर उभं केलं. शनिवारी तू इतकं सरळ विचारलंस, आणि माझ्या तोंडून पुन्हा तोच शब्द निघाला. विचार करून नाही, आपोआप. त्याला वयाचं निमित्त नाही.

माझी दोन वर्षं गेली म्हणजे काहीतरी समान झालं, असंही एकदा मनात आलं. मग माझीच मला लाज वाटली. दोन वर्षं घरी बसणं कुठे आणि तुझं कुठे.

माफी मागायची की नाही, कळत नाही. मागितली तर तू लगेच म्हणशील, “जाऊ दे गं बेबे.” आणि मला ते ऐकायला फार बरं वाटेल. म्हणून मागत नाही.

सोमवारी ह्यांना अंबडला काम आहे असं सांगून निघाले आणि पुढची बस धरून आपल्या गावी गेले. शाळेत हेडमास्तर निकालाचे कागद करत बसले होते. ओळख निघाली. त्यांना म्हटलं, जुन्या रजिस्टरचा उतारा पाहिजे.

“मॅडम, तुम्हाला आता उतारा कशाला? रिटायर होऊन राह्यल्या ना?”

“लागतो.”

त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं, धूळ झटकली. सत्तेचाळीस नंबरला आपलं नाव आहे. मी आपलं म्हणते आहे, कारण नाव तुझं आणि पुढचे रकाने माझे. प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली. तो शेवटचा रकाना वाचून झाल्यावर मला पाणी मागावं लागलं.

आता तुझ्या फॉर्मचं. साक्षरतेच्या परीक्षेत तू पास झालीस, पुढच्या वर्गात बसायचं म्हणतेस. त्या फॉर्मवर विचारलं आहे, पूर्वी शाळेत नाव होते काय, असल्यास दाखला जोडावा. शेवटची तारीख पंधरा मे. तुझा दाखला आहे, आक्का. तो या पाकिटात आहे.

तू तो जोडलास तर कुणीतरी विचारेल, एका नावावर दोन बाया कशा. माझे निवृत्तीचे कागद अजून वरच्या ऑफिसात पडून आहेत. चौकशी लागली तर मी नोकरी कुणाच्या तारखेवर केली ते निघेल. पुढे काय होईल, मला खरंच माहीत नाही. विचारायचं कुणाला? ह्यांनाही अजून सांगितलेलं नाही. आणि तू “नाव नव्हते” असं लिहिलंस, तर कुणालाच काही होणार नाही, पण माझं खोटं तुझ्या हातानं कागदावर जाईल. इतकी वर्षं बाकीच्यांच्या पोरांचं काय करायचं ते मी पाच मिनिटांत ठरवत आले. हे मला चार दिवसांत ठरवता आलं नाही. जोड म्हणायला भीती वाटते. जोडू नकोस म्हणायला तोंड नाही.

वसंता उद्या धावड्याला येतो आहे. पाकीट त्याच्या हाती देते, चिकटवून. आत काय आहे ते त्याला माहीत नाही. आपल्यापायी आक्काची शाळा गेली, असं तो जन्मभर ऐकत आला. एखाद्या रक्षाबंधनाला तोंड पाडून बसतो, ते त्याचमुळे. त्याची चूक पहिल्या वर्षापुरती. त्याला सांगायचं असेल तर सांग.

वर्गाला रोज जात जा. ऱ्हस्व-दीर्घाची फार काळजी करू नकोस.

तुझी धाकटी,
बेबी

सोपवलेल्या कागदांची नोंद

१. शाळेच्या रजिस्टरचा उतारा, मूळ, सही-शिक्क्यासह, एक. नाव रजनी तातेराव शेजूळ. जन्म १ जून १९६८. प्रवेश १७ जून १९७४. याची दुसरी प्रत मी ठेवलेली नाही.

२. हे पत्र, पानं नऊ. खाडाखोड दोन ठिकाणी.

देणार: बेबी तातेराव शेजूळ

घेणार: (इथे सही कर. अंगठा नको. दोन्हीपैकी कोणतं नाव लिहायचं ते तू ठरव. एवढा तुकडा फाडून वसंता पुढच्या खेपेला आला की त्याच्याबरोबर परत धाड.)