वधूपक्षाकडून मी एकटा

२७ नोव्हेंबर, सोमवार

राजपुत्राचं लग्न ठरलं. सकाळी दुकानातल्या रेडिओवर ऐकलं. मुलगी अमेरिकेची, नटी. वडील गोरे, आई काळी. म्हणजे आमच्या घरचंच, फक्त उलट. माझी आई लिंकनशायरची गोरी आणि वडील बार्बाडोसचे.

मला विशेष काही वाटलं नाही. मी असल्या गोष्टींकडे रंगाच्या चष्म्यातून बघत नाही. सॉल्टबीत त्रेपन्न वर्षं काढली, माझ्या रंगाचा विषय कुणी कधी काढला नाही. लहान गाव, मोठं मन.

दुपारपासून दुकानात माणसांची रीघ. कार्पेट कुणालाच नको होतं, सगळे अभिनंदन करायला आले होते. पोस्टातल्या बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "तुमच्या लोकांना किती आनंद झाला असेल." मी म्हटलं, हो, बायको हिलरी खूश आहे आणि मुलीला संध्याकाळी फोन करणार आहे. त्या जरा गोंधळल्या. वय झालंय.

हिलरीला घरी आल्यावर हे सांगितलं. ती दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला असते, त्यामुळे लोकांची बंद तोंडंही तिला वाचता येतात. म्हणाली, "नेव्हिल, अभिनंदन तुझं कशाबद्दल?" मी म्हटलं, गावाला आनंद वाटून घ्यायचा असतो. ती बटाटे सोलत राहिली.

२९ नोव्हेंबर, बुधवार

सगळे माझं मत विचारतायत. आजवर माझं मत फक्त जिन्यावरच्या कार्पेटबद्दल विचारलं जायचं. संकल्प: एक ठाम, संतुलित मत तयार करायचं, दोन वाक्यांचं. पाठ करायचं.

रात्री पबमध्ये गेलो. रॉन प्लंबर म्हणाला, "आपल्याला काही अडचण नाही. मुलगी तशी काळी वाटतच नाही." सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. मग रॉनने मला बिअर पाजली. मागच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी प्यायलो. ठाम मत उद्यापासून.

१ डिसेंबर, शुक्रवार

मिसेस थ्रेल आल्या. नाताळच्या मिरवणुकीची कमिटी त्यांच्या हातात, त्यामुळे गावही त्यांच्या हातात. यंदा लॉरीवर राजघराण्याच्या साखरपुड्याचा देखावा करायचं ठरलंय. राजपुत्र म्हणून खाटकाचा मोठा मुलगा, कारण त्याचे केस तांबडे. नवरी म्हणून त्यांना आमची इमोजेन हवीय.

"अगदी तिच्यासारखी दिसते हो," मिसेस थ्रेल म्हणाल्या.

इमोजेन सहा फुटांना जरा कमी, जाड चष्मा लावते आणि चालते माझ्या वडिलांसारखी, म्हणजे जहाजाच्या डेकवर चालल्यासारखी. पण आईबापांना आपल्या लेकराचं सौंदर्य दिसत नाही, बाहेरच्यांना दिसतं. मी तिच्या वतीने हो म्हणून टाकलं. मिसेस थ्रेलनी माझ्या दंडावर थोपटलं. म्हणाल्या, "मला माहीत होतं, तुम्ही अडवणार नाही. तुम्ही लोक किती हसतमुख असता."

कार्पेटच्या धंद्यात हसतमुख असावंच लागतं. बाईंचं निरीक्षण चांगलं आहे.

२ डिसेंबर, शनिवार

इमोजेनला लीड्सला फोन केला. युनिव्हर्सिटीत गेल्यापासून ती फोनवर आधी गप्प राहते आणि मग बोलते. ही सवय मला आवडत नाही.

तिने विचारलं, गावात एवढ्या मुली असताना तिलाच का. मी म्हटलं, तुझी उंची, तुझा आत्मविश्वास. ती म्हणाली, "डॅड, त्यांना मी नकोय. त्यांना माझा रंग हवाय. मी न येता तो तेवढा पाठवता आला असता तर त्यांनी तोच मागितला असता."

मी म्हटलं, या गावात कुणी रंग बघत नाही.

"मग शाळेत मला पाच वर्षं नाताळच्या नाटकात उंट का केलं?"

मी म्हटलं, उंचीमुळे. ती म्हणाली, "आजीला विचार," आणि फोन ठेवला.

कॉलेजात मुलांना सगळ्यात खोट काढायला शिकवतात. उंटाचा पोशाख उत्तम होता, मीच कार्पेटच्या तुकड्यांचा शिवून घेतला होता.

संकल्प: तिचा राग शांत झाल्यावर, मंगळवारी पुन्हा फोन करायचा.

३ डिसेंबर, रविवार

आईकडे गेलो. ब्याऐंशी वर्षांची आहे, समुद्राकडच्या वृद्धांच्या फ्लॅटमध्ये राहते, अजून स्वतःचा चहा स्वतः करते. वाटलं, आजीचा शब्द नात मोडणार नाही. आई राजघराण्याची भक्त आहे, साखरपुड्याची सगळी कात्रणं काढून ठेवली असतील.

एकही नव्हतं. आईने विचारलं, "मुलीकडचे येणार आहेत का लग्नाला?" मी म्हटलं, काय माहीत, अजून वेळ आहे. मग ती तिच्या स्वतःच्या लग्नाचं सांगत बसली. बासष्ट साल. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. चर्चमध्ये डाव्या हाताचे, नवरीकडचे सगळे बाक रिकामे. तिच्या घरचं कुणीच आलं नाही, सख्खी बहीणसुद्धा नाही. वडिलांकडून जहाजावरचे चार खलाशी आले होते. पाद्रीबाबांना तसं बघवेना, म्हणून त्यांनी चौघांतले दोघे उचलून तिच्या बाजूला बसवले.

"त्यातला एक पोर्तुगीज होता," आई म्हणाली. "त्याला काही कळत नव्हतं. पण आयुष्यात माझ्यासाठी तेवढं कुणी रडलं नाही."

मी म्हटलं, आता काळ बदललाय आई. ती म्हणाली, "हो का? बरं झालं," आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. मी नको म्हणत होतो.

वयोमानाने माणसाला नकोशा गोष्टीच आठवतात. इमोजेनचा विषय काढायचा राहून गेला.

५ डिसेंबर, मंगळवार

फोन केला. तिने उचलला नाही. एक मेसेज आला: नाही.

६ डिसेंबर, बुधवार

मिसेस थ्रेलना स्पष्ट सांगायचं ठरवून गेलो. वाटेत वाक्य तयार केलं: माझ्या मुलीला हे पटत नाही आणि मी तिच्या पाठीशी आहे. चांगलं वाक्य होतं.

त्यांनी दार उघडलं, केक पुढे केला. मी सांगितलं, तिची परीक्षा आहे. अगदी मिरवणुकीच्याच दिवशी. शनिवारी घेतात हल्ली.

"अरेरे," मिसेस थ्रेल म्हणाल्या. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "हरकत नाही. आपण काहीतरी करू."

सुटलो. सगळं किती सोपं असतं. उगाच टेन्शन घेतो मी.

९ डिसेंबर, शनिवार

कमिटीची बैठक. मलाही बोलावलं होतं. नवरी म्हणून डॉना ठरली. तिचं मेन रोडवर केस कापायचं दुकान आहे, मनाने सरळ मुलगी, पण रंगाने अशी गोरी की उन्हात डोळ्यांना त्रास होतो. तिच्याकडे अंगावर रंग फवारायचं मशीन आहे, गावातल्या बायका स्पेनहून उन्हात रापून आल्यासारखं दिसायला तिच्याकडेच जातात. तोच रंग ती स्वतःला लावणार. प्रश्न फक्त किती लावायचा याचा.

मिसेस थ्रेल म्हणाल्या, "नेव्हिल, जरा इकडे उभे राहता का? दिव्याखाली."

उभा राहिलो. डॉनाने माझ्या मनगटाशेजारी तिची रंगाची पट्टी धरली. तिला संकोच वाटत होता, सारखी म्हणत होती, "तुम्हाला चालेल ना? नक्की?" मी म्हटलं, अगं, शेड जुळवणं हा माझा धंदा आहे. आणि खरंच, तिच्या पट्टीत चारच छटा होत्या. मी धावत दुकानात जाऊन कार्पेटच्या सॅम्पलचं पुस्तक घेऊन आलो. पेपरातल्या फोटोवर नवरी 'मध' येते. मी 'अक्रोड'. सर्वानुमते 'टॉफी' ठरली.

कमिटीत एवढ्या तांत्रिक जाणकारीचं माणूस दुसरं नव्हतं. टाळ्या पडल्या.

जेवताना हिलरीला हे सगळं सांगितलं. तिने काटा खाली ठेवला. "तू सॅम्पल घेऊन गेलास?" म्हणाली. "स्वतः?"

मी म्हटलं, नाहीतर अंदाजपंचे झालं असतं.

१० डिसेंबर, रविवार

हिलरी बोलत नाहीये. डिशवॉशर मात्र फार बोलतोय, ती एकेक ताट आत आपटते आहे.

संकल्प: उद्या कमिटीचा राजीनामा. कारण: पाठदुखी.

११ डिसेंबर, सोमवार

राजीनामा द्यायला गेलो. मी तोंड उघडायच्या आधी मिसेस थ्रेलनी बातमी दिली. देखाव्यात दोन बाजू असणार. उजवीकडे वरपक्ष, डावीकडे वधूपक्ष. वरपक्षात सगळी कमिटी, हॅट घालून. वधूपक्षात मी.

विचारलं, आणखी कोण. त्या म्हणाल्या, "आणखी कोण आहे आपल्याकडे?"

हा मान आहे. लॉरीवर बसायला माणसं वर्षानुवर्षं वशिले लावतात. पाठदुखीचं बोललो नाही, एवढा वेळ बसायचं आहे म्हटल्यावर त्यांना काळजी वाटली असती.

१६ डिसेंबर, शनिवार

थोडक्यात लिहितो. थंडी फार आहे, बोटं वळत नाहीत.

चार वाजता लॉरीवर चढवलं. वरपक्षाच्या बाजूला सतरा माणसं, मांडीला मांडी लावून, त्यामुळे उबेत. माझ्या बाजूला बारा खुर्च्या. अकरा रिकाम्या. मिसेस थ्रेल म्हणाल्या, मधोमध बसा, म्हणजे भरल्यासारखं दिसेल. मधे डॉना आणि खाटकाचा मुलगा. डॉनाने रंग दोनदा मारला होता, कारण पहिल्यांदा रस्त्यावरच्या दिव्यांत दिसेना. आता दिसत होता.

मेन रोडपर्यंत छान गेलं. मी हात हलवत होतो. बंदराच्या वर उचलल्या जाणाऱ्या पुलाशी पोचलो आणि घंटा वाजली. मासेमारीची एक होडी आत यायची होती, पूल वर गेला. बँड पलीकडे गेलेला, आम्ही अलीकडे. होडी गेली आणि पूल खाली येईना. मागे शाळेची लॉरी, पुढे पाणी. लोक जागच्या जागी उभे राहून आमच्याकडे बघत होते, दुसरं बघायला काही नव्हतंच. कुणीतरी म्हणालं, "नवरीकडच्यांनी एकच तिकीट काढलेलं दिसतंय." लोक हसले. मीही हसलो. विनोद चांगला होता.

मग आई दिसली. हिलरीने तिला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं, गुडघ्यांवर माझ्या दुकानाची घोंगडी. अगदी लॉरीशेजारी, रिकाम्या खुर्च्यांच्या बाजूला. तिने त्या खुर्च्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिल्या. मग मला पाहिलं.

"नेव्हिल," ती म्हणाली. मोठ्याने नाही. "उतर खाली."

मी म्हटलं, आई, शिडी नेली त्यांनी.

"उतर."

मी म्हटलं, पुलापलीकडे गेलो की लगेच. डॉना माझ्याकडे बघत होती. खाटकाचा मुलगा फोनमध्ये होता. वरपक्षाने गाणं म्हणायला सुरुवात केली, वेळ जावा म्हणून. मला आईकडे बघवेना, म्हणून मी दुसऱ्या बाजूच्या गर्दीला हात हलवत राहिलो. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा हिलरी खुर्ची घेऊन निघून गेली होती.

पूल कधी खाली आला ते लक्षात नाही.

घरी आल्यावर इमोजेनचा मेसेज. कुणीतरी व्हिडिओ टाकलाय. तिने फक्त एवढंच लिहिलं होतं: डॅड, तू बरा आहेस ना? मी उत्तरादाखल अंगठा पाठवला.

१७ डिसेंबर, रविवार

आईकडे गेलो. तिने दार उघडलं, चहा केला. मिरवणुकीबद्दल एक अक्षर नाही. मीही नाही. टीव्हीवर बागकामाचा कार्यक्रम होता, तो पूर्ण पाहिला. निघताना तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. लहानपणी शाळेत जाताना लावायची तसं.

एकंदरीत मिरवणूक यशस्वी झाली असं म्हणायला हरकत नाही.

१८ डिसेंबर, सोमवार

दुपारी डॉना दुकानात आली. वाटलं, सलूनला कार्पेट हवं असेल. दार लावून घेतलं आणि तिथेच उभी राहिली, डोक्यावर टोपी, गळ्यापर्यंत मफलर. रंग उतरत नाहीये म्हणाली. दोनदा मारल्यामुळे आतपर्यंत गेलाय. लिंबू झालं, खोबरेल झालं, नवऱ्याचा भांडी घासायचा ब्रशसुद्धा झाला.

मग रडायलाच लागली. सकाळी बसमध्ये होती, शेजारच्या शहरात माल आणायला चालली होती. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने वळून विचारलं, तू कुठली. तिने सांगितलं, सॉल्टबीची. तो म्हणाला, तसं नाही, मूळची कुठली. ती म्हणाली, सॉल्टबीचीच. तो हसला आणि म्हणाला, बरं, सांगायचं नसेल तर राहू दे. तिच्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली. बसमध्ये माणसं उभी होती.

"वाईट बोलला नाही हो तो," डॉना म्हणाली. "चांगला माणूस होता. तेच तर." तिने नाक पुसलं. मफलरला टॉफी रंग लागला. "तुम्ही काय करता, नेव्हिल? असं कुणी विचारलं की?"

मी सांगणार होतो की मला या गावात असं कधी कुणी विचारलेलं नाही. वाक्य तोंडात तयार होतं, कितीतरी वर्षांचं तयार. ते बाहेर येईना. मी सॅम्पलचं पुस्तक उघडलं, मिटलं.

मग तिने बाही वर करून मनगट बघितलं आणि विचारलं, "कधी जाईल हो हा?"

"तुझा आठवड्याभरात जाईल," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सॉरी म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली आणि गेली.

दुकान बंद व्हायला अजून बराच वेळ होता.